टोरोंटोत घर घेताय? लिस्टिंगवरची किंमत वाचायला आधी शिका

लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या विक्रीच्या जाहिरातीत, ८ लाख ९९ हजार डॉलर. आमचं बजेट साडेनऊ लाख. म्हणजे हाताशी पन्नास हजारांची मोकळीक आहे, असं धरून आम्ही दोघं एका रविवारी लेस्लीव्हिलमधलं एक सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्याशी एक भिंत सामायिक असलेलं, घर बघायला गेलो. ओपन हाउसला दारात बुटांचा ढीग होता. मंगळवारी रात्री ते घर ११ लाख ३१ हजारांना गेलं.

त्यानंतर आठ महिन्यांत आणखी तीन घरं हातची गेली. पाचवं मिळालं, आणि तेही मागितलेल्या किमतीपेक्षा कमीत. या काळात जे कळत गेलं ते वेळेवर सांगणारं आम्हाला कोणी नव्हतं. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो: "इथे घरं खरंच मागितलेल्या किमतीच्या वर जातात का? किती वेळा?" म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. हे टोरोंटो शहर आणि आजूबाजूच्या भागातल्या जुन्या, म्हणजे रीसेल घरांबद्दल आहे. बिल्डरकडून घ्यायच्या प्री-कन्स्ट्रक्शन घरांचे नियम वेगळे असतात.

१. किंमत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

आपल्याकडे नाशिक-पुण्यात मालक सांगतो तो आकडा वरचा असतो. तिथून घासाघीस होते आणि सौदा खाली तुटतो. टोरोंटोत एकाच गल्लीत दोन वेगळ्या पद्धती चालतात आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिली पद्धत ऑफर-डेटची. घराची अंदाजी किंमत ११ लाख असेल तर लिस्टिंग मुद्दाम ८ लाख ९९ हजारांना लावतात. शोधताना "९ लाखांपर्यंत" असा फिल्टर लावणाऱ्या सगळ्यांना ते दिसतं, बघायला गर्दी होते, आणि ऑफर एका ठरलेल्या संध्याकाळी एकत्र घेतल्या जातात. ही किंमत विकण्यासाठी लिहिलेलीच नसते, लोक गोळा करण्यासाठी लिहिलेली असते. अशा घराने मागितलेल्या किमतीच्या वर जाणं ही बातमी नव्हे, तसं ठरवूनच ते बाजारात आलेलं असतं.

दुसरी पद्धत साधी. मालकाला १२ लाख हवे असतात, तो १२ लाख २९ हजार लिहितो आणि ऑफर कधीही घेतो. इथे आपली घासाघीस चालते.

ओळखायच्या खुणा सांगते. लिस्टिंगच्या वर्णनात "ऑफर मंगळवारी सायंकाळी सात वाजता" असं काही लिहिलं असेल तर पहिली पद्धत. घर बुधवार-गुरुवारी बाजारात आलं, शनिवार-रविवारी दोन ते चार ओपन हाउस, सोमवार-मंगळवारी ऑफर, हे तिचं नेहमीचं वेळापत्रक. आकडा ७ लाख ९९, ८ लाख ९९, ९ लाख ९९ असा लाखाच्या उंबरठ्याखाली थांबलेला असतो. आणि शेजारचं तसंच घर दोन महिन्यांपूर्वी दोन लाख जास्तीला गेलेलं असतं. ही शेवटची खूण सगळ्यात पक्की.

एक गोष्ट मला पटायला वेळ लागला. मालकाने मागितलेली पूर्ण किंमत तुम्ही दिली तरी तो घर विकायला बांधील नसतो. "पूर्ण पैसे देतोय, मग नाही कसं म्हणतात?" असं सासऱ्यांनी नाशिकहून फोनवर विचारलं होतं. कायद्याने लिस्टिंग हे फक्त निमंत्रण आहे. ऑफर आपण करायची आणि ती घ्यायची की नाही हे मालकाने ठरवायचं.

२. "किती वेळा" याचं उत्तर स्वतःच्या वहीत मोजा

एक सरसकट टक्केवारी सांगता येत नाही, कारण हे काळावर, वस्तीवर आणि घराच्या प्रकारावर बदलतं. २०१७ च्या वसंतात बाजार तापला होता. त्या एप्रिलमध्ये टोरोंटो परिसरातली सरासरी विक्री किंमत ९ लाख २० हजार डॉलरच्या वर होती. त्याच महिन्यात ऑन्टारियो प्रांताच्या सरकारने परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर आणला आणि बाजार थंडावला. मग महामारीतल्या स्वस्त कर्जांनी तो पुन्हा उसळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरासरी १३ लाख ३४ हजारांवर गेली, आणि त्या वेळी वर जाणं हाच नियम झाला होता. मार्च २०२२ पासून बँक ऑफ कॅनडाने व्याजदर पाव टक्क्यावरून वाढवत जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर नेला आणि हवा उतरली. पुढे दर पुन्हा खाली आले, ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वादोन टक्क्यांवर, तरी जुनी घाई परतली नाही.

टोरोंटो रीजनल रिअल इस्टेट बोर्ड ही इथल्या एजंटांची संस्था दर महिन्याला 'मार्केट वॉच' नावाचा अहवाल काढते. तो कोणालाही फुकट वाचता येतो. त्यात 'एसपी/एलपी' असा एक रकाना असतो: विक्री किंमत भागिले मागितलेली किंमत. शंभरच्या वर म्हणजे सरासरीने घरं वर गेली, खाली म्हणजे खाली. २०२५ मध्ये पूर्ण परिसराचा आकडा शंभरच्या किंचित खाली राहिला. पण तेवढ्यावर थांबू नका. अहवालात शहर विभागवार दिलेलं असतं. ई ०१ म्हणजे रिव्हरडेल-लेस्लीव्हिलचा पट्टा. तिथल्या सेमी आणि रो-हाउसचा आकडा बाजार मंद असतानाही शंभरच्या वर दिसतो. सी ०१ म्हणजे डाउनटाउन. तिथल्या काँडोंचा, म्हणजे इमारतींतल्या फ्लॅटांचा, खाली. एकाच शहरात, एकाच महिन्यात.

आता तुमची वही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिअल इस्टेट बोर्डाचं अपील ऐकायला नकार दिला, आणि विकल्या गेलेल्या घरांच्या किमती ऑनलाइन दाखवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी हा आकडा एजंटकडे मागावा लागायचा. आता हाउससिग्मासारख्या साइटवर नाव नोंदवलं की प्रत्येक घराचा पूर्ण इतिहास दिसतो. तुम्हाला हव्या त्या वस्तीतली, त्याच प्रकारची, गेल्या तीन महिन्यांत विकली गेलेली वीस-पंचवीस घरं काढा आणि लिहा: पत्ता, पहिली मागितलेली किंमत, शेवटची मागितलेली किंमत, विक्री किंमत, किती दिवस लागले, ऑफर-डेट होती का.

"पहिली" आणि "शेवटची" असे दोन रकाने मुद्दाम सांगते आहे. हे गुणोत्तर शेवटच्या लिस्टिंगवरून काढलेलं असतं आणि तिथे डोळ्यांत धूळ जाते. समजा, घर ८ लाख ९९ हजारांना लावलं. ऑफरच्या रात्री सर्वांत वरची ऑफर १० लाख १० हजारांची आली. मालकाला ११ लाख हवे होते. त्याने लिस्टिंग रद्द केलं, दुसऱ्या दिवशी ११ लाख २९ हजारांना नवं लावलं आणि दोन आठवड्यांनी १० लाख ७० हजारांना विकलं. नोंद काय होते? "मागितलेल्या किमतीच्या ९५ टक्के." प्रत्यक्षात पहिल्या आकड्यापेक्षा ते १९ टक्के वर गेलेलं असतं. उलटही होतं. १३ लाख ५० हजारांना लावलेलं घर पडून राहतं, मालक ११ लाख ९९ हजारांवर येतो, दोन ऑफर येतात आणि ते १२ लाख १५ हजारांना जातं. नोंदीत ते "वर गेलेलं" घर. मालकाने मात्र एक लाख पस्तीस हजारांवर पाणी सोडलेलं असतं.

दिवसांचंही तसंच. लिस्टिंग नव्याने लावलं की त्याचे दिवस शून्यापासून सुरू होतात. "फक्त पाच दिवस झालेत" असं दिसणारं घर खरं पन्नास दिवस बाजारात असू शकतं. पत्त्यावर टिचकी मारून जुना इतिहास उघडा.

अशी वही महिनाभर भरलीत की मागितलेल्या किमतीकडे नजर जायचीच बंद होते. गल्ली, घराची रुंदी, पार्किंग, तळघराची उंची बघून आकडा मनात येतो. आमचा अंदाज तिसऱ्या महिन्यापासून वीस-तीस हजारांच्या फरकाने जुळू लागला. तोवर एकही ऑफर टाकू नका, असं मी कळकळीने सांगेन.

३. तुमचा व्हिसा आणि पुण्यातला फ्लॅट

पी.आर. (कायम वास्तव्याचा परवाना असलेले) किंवा नागरिक नसाल तर आधी इथे थांबा. कॅनडाच्या केंद्र सरकारची परदेशी व्यक्तींवरची घरखरेदी-बंदी १ जानेवारी २०२३ ला सुरू झाली आणि १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. वर्क परमिटवर किमान १८३ दिवस शिल्लक असतील तर एक घर घेता येतं. पण घर घेता येणं वेगळं आणि परवडणं वेगळं. ऑन्टारियोचा २५ टक्के अनिवासी कर वर्क परमिटवाल्यांनाही लागतो आणि १ जानेवारी २०२५ पासून टोरोंटो शहराचा आणखी १० टक्के. १० लाखांच्या घरावर साडेतीन लाख. पुढे पी.आर. मिळालं तर परताव्याच्या तरतुदी आहेत, पण पैसे आधी भरावे लागतात. शक्य असेल तर पी.आर.पर्यंत भाड्याने राहा.

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. इथे घर घेताना लँड ट्रान्स्फर टॅक्स लागतो, आणि टोरोंटो शहराच्या हद्दीत तो दोनदा लागतो: एक प्रांताचा, एक शहराचा. १० लाखांच्या घराला प्रत्येकी १६,४७५, म्हणजे एकूण ३२,९५० डॉलर. हद्द ओलांडून मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला गेलात तर फक्त प्रांताचा. पहिलं घर घेणाऱ्याला प्रांताकडून ४,००० आणि शहराकडून ४,४७५ पर्यंत सूट मिळते. अट अशी की जगात कुठेही, कधीही तुमच्या नावावर घर असता कामा नये. वडिलांनी हौसेने तुमचं नाव घातलेला कोथरूडचा फ्लॅटही त्यात आला. जोडीदाराच्या नावावर लग्नानंतर कुठे घर असलं तरीही सूट जाऊ शकते. अर्जावर खोटं लिहू नका. वकिलाला आधीच खरं सांगा.

४. बँकेकडून आकडा आणि स्वतःचा आकडा

डाउन पेमेंट पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या भागावर १० टक्के. १० लाखांच्या घराला किमान ७५ हजार. १५ डिसेंबर २०२४ पासून ही सोय १५ लाखांपेक्षा कमी किमतीच्या घरांना आहे, त्यापुढे २० टक्के लागतात. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलंत तर मॉर्गेज, म्हणजे गृहकर्जाचा, विमा घ्यावा लागतो. विम्याचा हप्ता कर्जात मिसळतो, पण त्यावरचा ८ टक्के प्रांतिक कर रोख भरावा लागतो. हा खर्च बरेच जण विसरतात.

बँक तुम्हाला खऱ्या व्याजदरावर तपासत नाही. खरा दर अधिक २ टक्के, किंवा ५.२५ टक्के, यांतलं जे जास्त असेल त्यावर हप्ता झेपतो का ते बघते. साडेचार टक्क्यांचं कर्ज असेल तर साडेसहावर तपासणी.

आता सर्वांत महत्त्वाचा धोका. बँक कर्ज देते ते तुम्ही दिलेल्या किमतीवर किंवा तिने स्वतः केलेल्या मूल्यांकनावर, यांतलं जे कमी असेल त्यावर. ऑफरच्या रात्री तुम्ही १० लाख ५० हजारांवर गेलात, बँकेचा माणूस म्हणाला ९ लाख ८० हजार. २० टक्के भरून तुम्हाला ८ लाख ४० हजारांचं कर्ज अपेक्षित होतं, मिळणार ७ लाख ८४ हजार. मधले ५६ हजार तुम्ही उभे करायचे, तेही काही आठवड्यांत. म्हणून वर जायचं ठरवताना "हप्ता झेपेल का" एवढंच विचारू नका, "मूल्यांकन कमी आलं तर रोख कुठून आणू" हेही विचारा. उत्तर नसेल तर तुमची मर्यादा तिथेच.

भारतातून पैसे येणार असतील तर किमान दोन महिने आधी सुरुवात करा. आईवडील लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवू शकतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरताना त्यांच्या कराशी वळता होतो, पण तोवर अडकतो. इथली बँक डाउन पेमेंटच्या पैशांचा ९० दिवसांचा मागही मागते. त्यामुळे ऑफरच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम खात्यात दिसली की प्रश्न सुरू होतात.

एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचं बचत खातं, उघडलं नसेल तर आजच उघडा. वर्षाला ८ हजार, एकूण ४० हजारांपर्यंत. आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून पहिल्या घरासाठी माणशी ६० हजारांपर्यंत काढता येतात, मात्र ते पैसे खात्यात किमान ९० दिवस असावे लागतात.

५. हाताशी ठेवायची कागदपत्रं

• पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, पी.आर. कार्ड
• नोकरीचं पत्र आणि अलीकडच्या दोन पे-स्टब
• दोन वर्षांचे टी-४ (पगाराचा वार्षिक दाखला) आणि नोटिस ऑफ असेसमेंट (कर खात्याचं आकारणीपत्र)
• ज्या-ज्या खात्यात डाउन पेमेंट आहे त्याची ९० दिवसांची स्टेटमेंट्स
• नातेवाइकांनी पैसे दिले असतील तर बँकेच्या नमुन्यातलं गिफ्ट लेटर, सहीसह
• प्री-अप्रूव्हल पत्र (किती कर्ज मिळू शकेल याचं आगाऊ पत्र), त्याची मुदत कधी संपते ते बघून
• वकिलाचं नाव आणि ईमेल (घर मिळाल्यावर शोधत बसू नका)
• बँक ड्राफ्ट काढण्याइतकी मोकळी रक्कम. जीआयसीत (मुदत ठेवीत) अडकलेली चालत नाही

६. एजंट

१ डिसेंबर २०२३ पासून ऑन्टारियोत नवा कायदा लागू आहे. एजंटने तुम्हाला नियामक संस्था रेकोची माहिती-पुस्तिका समजावून सांगायलाच हवी. सही करण्याआधी ती वाचा. प्रतिनिधित्वाचा करार सहा महिन्यांचा आहे की तीन, आणि मालकाकडून मिळणारं कमिशन कमी पडलं तर फरक कोण भरणार, ही दोन कलमं विशेष बघा.

एजंटला एकच प्रश्न विचारा: "या घराला किती द्यावेत, आणि तो आकडा कोणत्या तीन विक्रींवरून काढलात?" विक्री दाखवता आल्या नाहीत तर दुसरा बघा. आमच्या पहिल्या एजंटचं प्रत्येक घराला एकच उत्तर असे: "आवडलंय ना, मग थोडं ताणा." दुसऱ्या बाईंनी तीन घरांवर आम्हाला स्वतःहून थांबवलं. त्यांच्यावर विश्वास बसला तो त्यामुळे.

७. घर ऑफरच्या आधी तपासा

गर्दी असली की इन्स्पेक्शनची अट घालता येत नाही, घातली तर तुमची ऑफर मागे पडते. म्हणून इन्स्पेक्शन ऑफरच्या आधी करायचं. साधारण पाचसहाशे डॉलर जातात, आणि घर मिळालं नाही तर ते वाया गेल्यासारखे वाटतात. आमचे दोनदा गेले. तरी करा. मालकाने करून ठेवलेला अहवाल वाचा, पण त्या इन्स्पेक्टरचा करार मालकाशी असतो, तुमच्याशी नाही.

जुन्या टोरोंटोतल्या शंभर वर्षांच्या घरांत खास बघायच्या गोष्टी: 'नॉब अँड ट्यूब' ही चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून नेलेली जुनी वायरिंग (अनेक विमा कंपन्या अशा घराचा विमा नाकारतात, आणि विमा नसेल तर मॉर्गेज नाही), शिशाची किंवा गंजकी पाण्याची पाइप, मातीचं ड्रेन, तळघरातली ओल. तळघराच्या भिंतीला हाताचा तळवा लावून बघा. नवा रंग आणि खाली ठेवलेला डीह्युमिडिफायर असं एकत्र दिसलं तर कान टवकारा.

काँडो असेल तर स्टेटस सर्टिफिकेट. अर्ज आणि १०० डॉलर फी मिळाल्यापासून १० दिवसांत ते देणं सोसायटीवर बंधनकारक आहे. ते वकिलाकडून वाचून घ्या: राखीव निधी किती, कोर्टकचेरी चालू आहे का, जादा वर्गणी येणार आहे का. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहाएक वर्षांत बांधलेल्या इमारतीत 'किटेक' नावाची पाइप आहे का तेही विचारा.

८. ऑफरची रात्र

माझे वडील कांदा घेऊन लासलगावला जायचे. तिथे ट्रॉलींच्या रांगेतून व्यापारी पुढे सरकतात, बोली सगळ्यांच्या कानावर पडते, आपला माल कोणी किती धरला ते शेतकऱ्याला समोर दिसतं. टोरोंटोतल्या लिलावात बोली ऐकू येत नाही. किती लेखी ऑफर आहेत तेवढा आकडा सगळ्यांना सांगणं बंधनकारक आहे. त्यातल्या रकमा उघड करायच्या की नाही हे डिसेंबर २०२३ पासून मालक ठरवू शकतो, पण आमच्या वाट्याला आलेल्या पाचही मालकांपैकी कोणीच त्या उघड केल्या नाहीत. तुमच्यापुढे कोण आहे आणि किती पुढे आहे हे कळत नसताना आकडा वाढवायचा असतो.

आमची तिसरी रात्र सांगते. नोव्हेंबर होता. डॅनफर्थवरच्या एका कॉफीच्या दुकानाबाहेर गाडी लावून बसलो होतो, मागच्या सीटवर लेक झोपलेली. पावणेदहाला एजंटचा फोन आला: सहा ऑफर आहेत, वरच्या तिघांना सुधारायची संधी दिली आहे, त्यात तुम्ही आहात, वीस मिनिटं आहेत. आम्ही ३५ हजार वाढवले. साडेदहाला दुसरा फोन: नाही मिळालं. दुसऱ्या दिवशी आकडा बघितला, आमच्यापेक्षा ८ हजारांनी जास्त. त्या आठ हजारांनी मला दोन रात्री झोप लागली नाही. पण वहीत आम्ही त्या घराची वरची मर्यादा लिहून ठेवली होती आणि ती आम्ही त्या वीस मिनिटांत आधीच २० हजारांनी ओलांडली होती. ते घर मिळालं असतं तर मूल्यांकनाचा फरक भरायला आमच्याकडे पैसे नव्हते.

म्हणून हे आधी ठरवा, घरी, दुपारी, शांतपणे:

अ. कमाल आकडा कागदावर लिहा आणि दोघांनी बघा. गाडीत बसून तो बदलायचा नाही.

आ. पहिल्याच फेरीत तुमच्या खऱ्या आकड्याच्या जवळ जा. दुसरी फेरी मिळेलच असं नाही. आमच्या पहिल्या ऑफरला कोणी परत फोनही केला नाही.

इ. आकडा गोल ठेवू नका. १० लाख ५० ऐवजी १० लाख ५३ हजार ६००. गोल आकड्यावर थांबणारे बरेच असतात.

ई. क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन चावी मिळायची, तारीख मालकाला हवी ती द्या. ही फुकटची जमेची बाजू आहे आणि बरेच जण विचारतच नाहीत.

उ. ड्राफ्ट सोबत न्या. ठेव, म्हणजे इसार, साधारण ५ टक्के असते. "स्वीकारल्यावर" असं लिहिलं असेल तर २४ तासांत द्यावी लागते, पण ड्राफ्ट हातात असलेला खरेदीदार मालकाला पक्का वाटतो.

ऊ. ऑफरवर इर्रिव्होकेबल (मागे न घेण्याची) वेळ लिहिलेली असते, उदाहरणार्थ रात्री ११:५९. तोवर तुम्हाला ऑफर मागे घेता येत नाही. एकाच रात्री दोन घरांवर ऑफर टाकू नका, दोन्ही स्वीकारल्या गेल्या तर दोन्ही तुमच्या.

बुली ऑफर हा शब्दही कानावर येईल. ऑफर-डेटच्या आधीच घसघशीत आकडा आणि काही तासांची मुदत देऊन घर उचलणं. मालकाने बुली घ्यायची तयारी आधी दाखवली असेल तरच विचार करा, आणि वहीतल्या आकड्याबाहेर जाऊन कधीच नाही.

९. स्वीकारली म्हणजे बांधले गेलात

रीसेल घराला माघारीची मुदत नाही. बिल्डरच्या नव्या काँडोला १० दिवस मिळतात ते इथे लागू नाहीत. अट न घालता दिलेली ऑफर मालकाने सही केली त्या क्षणी पक्की. पुढे कर्ज झालं नाही तर ठेव जाते, आणि मालकाने ते घर नंतर कमी किमतीला विकलं तर तो फरकही तुमच्याकडून मागू शकतो. २०१७ आणि २०२२ मध्ये भाव उतरले तेव्हा वरच्या किमतीला बांधले गेलेले अनेक जण याच कचाट्यात सापडले.

कर्जाची अट काढायची वेळ आली तर त्या आधी मॉर्गेज ब्रोकरकडून त्या घराबद्दल, त्या आकड्याबद्दल लेखी मत घ्या. प्री-अप्रूव्हल तुमच्या पगाराला दिलेलं असतं, घराला नव्हे.

१०. ज्यांची ऑफरची रात्र फसली ती घरं बघा

हे आम्हाला उशिरा सुचलं आणि घर त्यातूनच मिळालं. दर बुधवारी मी वही घेऊन बसायचे आणि मंगळवारी ऑफर-डेट असूनही विकली न गेलेली घरं शोधायचे. दोन-तीन दिवसांत त्यांचं लिस्टिंग नव्या, मोठ्या आकड्याने परत यायचं. आकडा मोठा दिसला की लोक पळतात, पण आता मालक खरी किंमत सांगत असतो आणि समोर गर्दी नसते.

ईस्ट यॉर्कमधलं एक सेमी असंच ८ लाख ७९ वरून १० लाख ४९ हजारांवर आलं होतं. महिना झाला तरी पडून होतं. आम्ही ९ लाख ९० ला ऑफर दिली, कर्जाची आणि इन्स्पेक्शनची दोन्ही अटी घालून. इन्स्पेक्शनमध्ये वरच्या मजल्यावर नॉब अँड ट्यूब निघाली. इलेक्ट्रिशियनचं १४ हजारांचं अंदाजपत्रक जोडून पुन्हा बोललो आणि ९ लाख ७८ हजारांना सौदा झाला. ऑफरच्या रात्री हेच घर अटींशिवाय घेतलं असतं तर ती वायरिंग आम्हाला विमा कंपनीच्या नकारातून कळली असती.

थंडीत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, अशी घरं जास्त सापडतात.

११. क्लोजिंगपर्यंत

वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतो, त्याचा टायटल इन्शुरन्स काढतो, लँड ट्रान्स्फर टॅक्स भरतो. त्याची फी आणि खर्च मिळून साधारण दोन हजार धरा. घरविम्याचं पत्र बँकेला आठवडाभर आधी द्या. या काळात नवी गाडी कर्जावर घेऊ नका, नोकरी बदलू नका; बँक क्लोजिंगच्या आधी पुन्हा एकदा चौकशी करू शकते.

करारात क्लोजिंगपूर्वी दोन भेटी लिहून घ्या, आणि घरात राहणाऱ्या वस्तूंची यादी कंपनीच्या नावासकट: फ्रिज, स्टोव्ह, वॉशर, ड्रायर, खिडक्यांचे पडदे, दिवे. दुसऱ्या भेटीला आम्ही गेलो तेव्हा तळघरातला ड्रायर जागेवर नव्हता, भिंतीत फक्त त्याच्या नळीचं भोक होतं. वकिलांनी त्याच दुपारी कराराचं पान जोडून समोरच्या वकिलांना ईमेल केला. चावी मिळाली त्या दिवशी ड्रायर तळघराच्या जिन्याखाली परत आणून ठेवलेला होता.